डाव्या कानाचं माप

साहेब, कान न बघता तुम्ही कानाचा निकाल लावलात. एक धडधाकट ऐकणारी पोरगी तुम्ही साताऱ्याच्या गार खोलीत बसून बहिरी ठरवलीत. तिच्या कानात काय बसलं होतं आणि काय बसत नव्हतं, याची साधी चौकशीसुद्धा केली नाहीत. तुमचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की तुम्ही बदलून जाल आणि खुर्चीवर तुमच्यासारखाच दुसरा येईल. पण प्रश्न मी विचारणार. कारण त्या दिवशी परीक्षेच्या टेबलावर मी पडलो होतो आणि सगळं माझ्यासमोर झालं.

मित्रांनो, तुम्ही जरा जवळ येऊन बसा. मी रागाने बोलतोय म्हणून बिचकू नका, राग तुमच्यावर नाही. मी एक इयरफोन आहे, वायरचा, कानाच्या आत बसणारा. आता जुना झालोय. एका जागी वायर तुटली होती तिथं निळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि कधीकाळी पांढरा होतो यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. मी एकच आहे, पण मला तोंडं दोन. एक उजव्या कानाचं, एक डाव्या कानाचं. ही सगळी कथा त्या डाव्या तोंडाची आहे.

जन्मलो तो कारखाना मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की कुणा बाईच्या चपळ बोटांनी माझ्या दोन्ही तोंडांवर मऊ रबराच्या टोप्या चढवल्या, आणि खोक्यात एक इवलीशी पुडी टाकली. त्या पुडीत आणखी टोप्या होत्या. एक जोडी बारीक, एक जोडी मोठी. माझ्या तोंडावर होती ती मधली. ती पुडी शोभेला दिलेली नव्हती. माणसांचे कान एका साच्यातून निघत नाहीत हे त्या कारखान्याला ठाऊक होतं. अहो, एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात. साहेब, हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला विकत घेतलं लालासाहेब वस्तादांनी. हे कवठे महांकाळजवळच्या एका गावचे. तोफखान्यात नोकरी करून घरी आले ते निम्मे कान तिकडंच ठेवून. आवाज मोठा, ऐकणं कमी. गावात पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकून ते पोरींना कुस्ती शिकवायचे. फौजी कँटीनमधून त्यांनी मला आणलं ते त्यांच्या सगळ्यात जिगरबाज पोरीसाठी. तिचं नाव राणी. एका मैदानात तिचा गुडघा उलटा गेला होता आणि ती घरात खाटेवर पडून छताचे वासे बघत होती.

"घे गं. नुसतं पडून ऱ्हाण्यापेक्षा कायतरी ऐक, शीक," वस्ताद म्हणाले.

राणीनं मला बोटावर झुलवून बघितलं. "वस्ताद, ह्यो माझ्या कानात बसंल व्हय?"

"का न्हाई बसणार? कान हाय का उंदराचं बीळ?"

आता राणीचा कान कसा होता ते सांगतो. उजवा होता तुमच्या-माझ्या ओळखीचा, साधा. डावा मात्र पैलवानाचा. मॅटवर घासून, डोक्याला डोकं भिडून तो एकदा टम्म फुगला होता. आत रक्त साकळलं होतं. डॉक्टरकडं नेलं असतं तर सुई लावून काढता आलं असतं. पण वस्तादांनी साफ सांगितलं, "सुई लावायची न्हाई. कान मोडला म्हंजी पैलवानाला शिक्का बसला." आपल्याकडच्या तालमीत अजून असंच मानतात. मोडका कान घेऊन पैलवान गावात शिरला की लोक वाट सोडतात. मग तो कान तसाच घट्ट झाला, भिजवून पिळून टाकलेल्या फडक्यासारखा, आणि आत जायची वाट अरुंद झाली.

राणीची आई शालूबाई तेव्हा फार चिडली होती. "आवं वस्ताद, उद्या लगीन करायचं हाय तिचं. बुगडी कुठं अडकवायची?"

"उजव्या कानात दोन अडकवा," वस्ताद म्हणाले होते.

असा तो कान. माझं उजवं तोंड पहिल्याच दिवशी बसलं. डावं बसेना. राणी दाबायची, मी निसटायचो. पुन्हा दाबायची, मी खांद्यावर. तिच्या मोबाइलात तिच्या शेवटच्या मैदानाचं चित्रण होतं. त्यात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजत होतं. हलगी तडतडते, कैताळ झणझणतं, आणि घुमकं खालून घुमतं, छातीत. घुमकं नसलं तर हलगी पत्र्यावर पडलेल्या गारांसारखी वाटते. राणीला डाव्या बाजूनं नुसत्या गाराच ऐकू येत होत्या.

यात माझी चूक नव्हती, मित्रांनो, आणि राणीचीही नव्हती. कानाच्या आत बसणाऱ्या माझ्या जातीचं एक गुपित आहे. आमचा आवाज करणारा पडदा तुरीच्या डाळीएवढा. एवढ्याशा पडद्यानं घुमकं कसं घुमवायचं? कानाची वाट बंद असली तरच जमतं. घरात कुकरचं रबर नीट बसलं नाही तर काय होतं? वाफ फुसफुसत निघून जाते आणि डाळ कच्ची राहते. आमचंही तेच. टोपी कानाला घट्ट लागली नाही की जाड आवाज फटीतून पळून जातो आणि कानात उरतो तो किरटा. आणि त्याच फटीतून बाहेरचा सगळा गोंगाट आत येतो.

मग राणीनं केलं ते सगळेच करतात. आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. उजवा कान ठणकायला लागला, डाव्यात तरीही घुमकं नाही. तिनं मला उचलून भिंतीवर मारलं.

"बोगस हाय ह्यो! कँटीनवाल्यानं वस्तादाला फसिवलं!"

तिकडून शालूबाई आली. "आदळआपट कशापायी? त्याच्यासंगं ती टोपडी आलीत, ती लावून बघितलीस का?"

"कसली टोपडी?"

"खोकं फेकलंस तवा मी काढून ठेवली. कंपनी कायबी उगं देत न्हाई." शालूबाईनं सुईदोऱ्याच्या डब्यातून ती पुडी काढली. या माउलीनं आयुष्यात एक बटण फेकलं नव्हतं, ती माझ्या टोप्या फेकणार होती होय?

त्या दुपारी राणी आरसा घेऊन बसली. आधी मोठी टोपी लावली, ती दारातच अडली. मग बारीक लावली. सरळ दाबली तर तीही बाहेर. मग तिनं कुस्तीगिरासारखा विचार केला. जोर लावून होत नसेल तर पकड बदलायची. उजवा हात डोक्यावरून नेऊन तिनं डाव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढला, वाट थोडी सरळ झाली, आणि डाव्या हातानं मला हलकेच पिळत आत सोडलं. कान सोडला. कानानं मला धरलं.

"बसला!" ती म्हणाली, आणि दचकली. तिचाच आवाज तिच्या डोक्यात घुमला होता. वाट बंद झाल्याची हीच खूण. मग तिनं चित्रण लावलं.

घुमकं वाजलं.

मित्रांनो, त्या क्षणी तिच्या अंगावर काटा आलेला मी अगदी जवळून बघितला. तिनं डोळे मिटले. मग आवाज कमी केला, निम्म्यावर आणला, आणि तरी घुमकं घुमतच होतं. "आये, ही बघ, ऐक!" म्हणून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि दुखऱ्या गुडघ्यामुळं पुन्हा खाटेवर बसली. माय-लेकी दोघी हसत सुटल्या.

तेव्हापासून माझं डावं तोंड बारीक टोपीचं आणि उजवं मधल्या टोपीचं. माझे दिवस पालटले. राणी मला गुंडाळायची ती सैल, वायरीला पीळ न देता. जाळीत मळ साठला की कोरड्या मऊ ब्रशनं झाडायची, टोप्या काढून धुवायची आणि पुरत्या वाळल्याशिवाय चढवायची नाही. तालमीतल्या पोरी यायच्या, "राणीताई, माझाबी पडतोय गं." राणी आधी त्यांच्या खोक्यातली पुडी शोधायला लावायची. माझं कौतुक झालं असेल तर ते त्या पोरींत. "ह्यो बघा, राणीताईचा, एक कान बारीक, एक कान मधला," असं त्या मला दाखवायच्या. त्यातल्या एकीला पुडीतली कुठलीच टोपी बसेना तेव्हा राणी म्हणाली, "मग कानावरनं बसायचा मोठा घे. कानावर जबरदस्ती करायची न्हाई." बघा साहेब, गुडघा मोडलेल्या पोरीला कळलं.

आता तिला काय हवं होतं ते सांगतो. मैदानात गुडघा गेला तेव्हा वस्तादांनी एका मदतवाहिनीला फोन लावला होता. वस्तादांना ऐकू येत नव्हतं, म्हणून राणीनंच कळवळत फोन कानाला लावला. पलीकडची बाई एकदाही ओरडली नाही. "पाय सरळ ठेवा, हलवू नका, मी लाइनवर आहे, गाडी येईपर्यंत फोन ठेवणार नाही," असं म्हणत राहिली. गाडी आली तोवर राणीचं रडू थांबलं होतं. कुस्ती संपली हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा राणीनं ठरवलं, आपण त्या बाईच्या जागेवर बसायचं. कुणाचं तरी ऐकायचं.

त्याच मदतवाहिनीची भरती निघाली. ती पुस्तकं घेऊन बसली. सांगलीला शिकवणीला जाताना-येताना एस.टी.च्या खडखडाटात मी तिच्या कानात धडे वाचायचो. माझ्या टोप्या नीट बसल्या होत्या म्हणून ती खडखड बाहेर राहायची आणि मला ओरडावं लागायचं नाही. लेखी परीक्षेत ती पास झाली. राहिली होती फक्त श्रवण चाचणी.

ती झाली सांगलीत, विश्रामबागला. राणी मला सोबत घेऊन गेली. दारावर पर्यवेक्षक उमा मॅडम होत्या, शांत स्वभावाच्या, गळ्यात ओळखपत्र.

"बाहेरचं उपकरण चालत नाही. इथं ठेवा," त्या म्हणाल्या, आणि मला आपल्या टेबलावर ठेवलं. ठीक आहे. हा नियम मला पटला. उद्या कुणी कशातही काहीही लपवून आणेल.

पण टेबलावर पडल्या पडल्या मी शेजारी बघितलं आणि माझा पडदा थरारला. तिथं एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात माझ्याच जातीच्या पुड्या भरल्या होत्या. बारीक टोप्या, मोठ्या टोप्या, सीलसुद्धा न फोडलेल्या. म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांना नवेकोरे इयरफोन दिले होते, सगळ्यांवर मधलीच टोपी, आणि प्रत्येक खोक्यातली पुडी काढून घेतली होती! भिंतीवर सूचना होती. दिलेल्या उपकरणात कोणताही बदल करू नये. कानाला हात लावू नये.

साहेब, कानाला हात न लावता कानात इयरफोन कसा घालतात? तुम्ही घालून दाखवा.

चाचणी अशी होती. आधी उजव्या कानात, मग डाव्या कानात आवाज यायचे. काही शिटीसारखे बारीक, काही घुमक्यासारखे जाड. ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला राणीनं भराभर बटणं दाबली. मग डावा. घातला की निसटला. घातला की निसटला. तिनं बोटानं दाबून धरला तर मागून उमा मॅडम म्हणाल्या, "हात खाली घ्या. कॅमेरा आहे."

"मॅडम, ह्या कानाला बारीक लागतंय. ती बघा, तुमच्या टेबलावर पुड्या हायत. एक टोपडं द्या, झालं."

उमा मॅडमनी तिच्या कानाकडं बघितलं, मग पिशवीकडं. त्या घुटमळल्या. त्यांनी साताऱ्याला, भरतीचे प्रमुख म्हणून तुम्हाला फोन लावला, साहेब. फोन माझ्या शेजारीच होता, त्यामुळं तुमचं बोलणं मला शब्दनशब्द ऐकू आलं.

"सर, एका उमेदवाराच्या कानाची ठेवण जरा वेगळी आहे. लहान टोपी द्यायची का?"

"अजिबात नाही. सगळ्यांना सारखं म्हणजे सारखं. आज एकीला बारीक दिली तर उद्या दुसरा म्हणेल मला जाड द्या."

"पण सर, त्यासाठीच तर त्या खोक्यात..."

"मॅडम, त्या पुड्या सीलबंद परत यायच्यात. हरवल्या तर उत्तर तुम्ही देणार का? आणि कानच वाकडा असेल तर मी काय करू?"

फोन ठेवून उमा मॅडम पुन्हा हॉलमध्ये फेऱ्या घालायला लागल्या. त्यांना कळलं होतं. पण कळून त्यांनी हात पिशवीकडं नेला नाही, हेही मी विसरलो नाही.

तिकडं डावा इयरफोन राणीच्या मांडीवर पडला होता. पंखे घरघरत होते, शेजारच्या रस्त्यावर कुणी गाडी चालू करत होतं. शेवटी तिनं मान तिरकी करून, खांदा वर करून, खांद्यानं तो कसाबसा अडवला. शिटीसारखे काही आवाज तिला पकडता आले. जाड आवाज येत होते आणि फटीतून पळून जात होते. मी तिथं असतो तर एकही सांडू दिला नसता. पण मी टेबलावर, टोप्यांच्या पिशवीला टेकून पडलेला.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा आम्ही सांगलीच्या स्टँडवर गावाकडच्या एस.टी.ची वाट बघत होतो. डाव्या कानाची श्रवणक्षमता अपुरी. अपात्र. राणीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला मुठीत एवढं आवळलं की तेव्हाच माझी वायर आतून तुटली.

नोकरी गेली एवढ्यावर भागलं असतं तर वेगळं. गावात बातमी पोचली, राणीला ऐकू येत न्हाई. सरकारी मशीनवर निघालंय म्हणे. दुसऱ्या दिवसापासून माणसं तिच्याशी ओरडून बोलायला लागली. दुकानदार हातवारे करायला लागला. चुलती रंगुबाई अंगणातून हात तोंडाशी लावून कोकलली, "राणेऽऽ, च्या घेतीस काऽऽ?"

"काकी, पलीकडच्या वस्तीवरच्या म्हशीला बी ऐकू गेलं. ती येतीया बघ कप घेऊन," राणी म्हणाली. पण आत जाऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली. ज्या कानामुळं गाव वाट सोडत होतं त्याच कानाकडं आता लोक कीव करून बघत होते. मी कोपऱ्यात पडून होतो. बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही.

वस्ताद आले. उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "पोरी, सुई लावू दिली असती तर..."

"वस्ताद, ते सोडा. कान माझा हाय, त्याला मी न्हाई लाजत. पर मला ऐकू येतंय. त्यांनी मला बहिरी का लिवलं?"

"फौजेत बूट देताना बी पायाचं माप घेत्यात," वस्ताद पुटपुटले. पुटपुटले म्हणजे अंगणापर्यंत ऐकू गेलं. "पाय बुटात जाईना म्हणून लंगडा ठरवल्याला जवान मी तरी बघितला न्हाई."

राणी सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी कानावरून बसणारा मोठा हेडफोन लावून तपासलं आणि लिहून दिलं, दोन्ही कान उत्तम. तो कागद घेऊन ती विश्रामबागला गेली. तिथं म्हणाले, बाहेरचा दाखला चालत नाही, साताऱ्याला जा. मग तिनं माझ्या वायरीतल्या तुटक्या तारा पीळ देऊन जोडल्या, वर निळी पट्टी गुंडाळली, मला गळ्यात अडकवलं, आणि वस्तादांना घेऊन साताऱ्याची एस.टी. पकडली.

साहेब, आता तुमच्या दाराशी येतो.

तुमच्या खोलीबाहेर बाकडं आहे. त्यावर कामासाठी आलेली माणसं बसलेली होती. दाराशी तुमचा शिपाई चिंतामण. राणीनं त्याच्याकडं नाव सांगितलं आणि बाकड्यावर बसली, वस्ताद शेजारी. वेळ जाईना म्हणून तिनं माझं उजवं तोंड उजव्या कानात घातलं, मधली टोपी नीट बसवून, आणि मैदानाचं चित्रण लावलं. डावं तोंड तिनं मोकळं लोंबतं ठेवलं, नाव पुकारलं तर कळावं म्हणून. उजव्या कानात मी पक्का बसलो होतो. बाहेरचा टिचभर आवाज मी तिकडून आत जाऊ देत नव्हतो. वर घुमकं वाजवत होतो. म्हणजे बाहेरचं ऐकायला तिला एकच कान उरला होता, तुम्ही अपुरा ठरवलेला.

चिंतामण आत गेला. दार लागलं. बाहेर पंखा फिरत होता, कुणी टाइप करत होतं, वस्ताद शेजाऱ्याला आपल्या मोठ्या आवाजात पावसाचं सांगत होते. थोड्या वेळानं चिंतामण बाहेर आला.

"साहेब न्हाईत. मिटिंगला गेलेत. उद्या या."

राणीनं मान वर केली. "कवा गेले?"

"सकाळीच गेलेत की."

"मग आत्ता आत बोललं कोण?" राणी उभी राहिली. "तुमी आत गेला. आतनं आवाज आला, 'ती कानवाली? सांग मिटिंगला गेलेत. दोन खेपा मारंल आन् गप बसंल.' तुमी म्हणाला, 'संगट एक फौजी हायत.' तवा ते म्हणाले, 'त्यांना बी उद्या बोलव. आन् ह्या चहात साखर लय झालीया.'"

टाइप करणारे हात थांबले. बाकड्यावरचं कुणीतरी फिसकन हसलं. चिंतामणनं हात पाठीमागं नेला. त्याच्या हातात तो अर्धा प्यालेला चहाचा कप होता.

"काय झालं गं?" वस्तादांनी विचारलं. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय न्हाई, वस्ताद. साहेब आत हायत," राणी म्हणाली. मग बंद दाराकडं वळून, आवाज न चढवता, त्या मदतवाहिनीवरच्या बाईसारखी ती बोलली. "साहेब, उजव्या कानात माझा इयरफोन हाय. त्यो चालू हाय. जे ऐकलं ते डाव्यानं ऐकलं. मी हितंच बसलीया."

आणि ती बसली. माझं डावं तोंड तिनं हातात घेतलं, त्यावरच्या बारीक टोपीवर अंगठा फिरवत राहिली.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी आमच्यासारख्यांनी विनंती करायची असते. वायर ओढू नका, मळ साठू देऊ नका, मोठ्या आवाजानं कानांचं वाटोळं करू नका. तर ते कराच. खोक्यातली पुडी फेकू नका, दोन्ही कानांना वेगळ्या टोप्या लागल्या तर लाजू नका, आणि काही बसत नसेल तर आधी माप तपासा, मग माणसाला नावं ठेवा. तुम्हाला एवढं पुरे. तुम्ही शहाणे आहात.

पण साहेब, तुम्हाला विनंती नाही. तुमच्या दारामागं आता चिडीचूप आहे. खुर्ची करकरली तेवढी आम्ही ऐकली. तिनं डाव्या, मी उजव्या बाजूनं. सांगा, ती मधली टोपी तुम्ही कुणाच्या कानाचं माप घेऊन सगळ्यांच्या कानात कोंबलीत? ज्या पुड्या कानांसाठी आल्या होत्या त्या तुम्ही कुणासाठी सीलबंद राखून ठेवल्यात? आणि जिला तुमच्या चहातली साखर बंद दाराआडून ऐकू आली, तिला बहिरी कुठल्या तोंडानं लिहिलंत?

उत्तर द्या. हळू बोललात तरी चालेल. तिचा डावा कान दाराकडंच आहे.